भटका कुत्रा चावला, तर भरपाई मागायची कोणाकडे?

ओसरी

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहतो. वीस दिवसांपूर्वी सकाळी सव्वासहाच्या सुमारास आई दूध घेऊन परत येत होती. गल्लीच्या तोंडाशी तीन भटकी कुत्री तिच्या अंगावर धावून आली आणि त्यांतल्या तांबड्या कुत्र्याने तिच्या उजव्या पोटरीचा चावा घेतला. चार दात स्पष्ट उमटले होते आणि एका दाताच्या खुणेपासून खाली साधारण दोन सेंटिमीटर कातडी सोलून निघाली होती. आईचे वय ६६ आहे. दारात येताच तिचे पहिले वाक्य होते, "दुधाची पिशवी फुटली रे."

रक्त पाहून आम्ही गडबडून गेलो आणि जवळच्या खासगी रुग्णालयात धावलो. जखमेत देण्याचे इंजेक्शन, लशीचा पहिला डोस, ड्रेसिंग आणि औषधे मिळून ९,६४० रुपये झाले. पुढचे डोस सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळाले. मात्र पंधरा दिवस आईला जिना उतरता आला नाही, ती घरी साड्यांना फॉल-पिको करून देते ते काम बंद पडले, आणि माझ्या पत्नीला चार दिवस बिनपगारी रजा घ्यावी लागली.

माझा प्रश्न साधा आहे. कुत्र्याला मालक नाही, मग हे नुकसान कोणी भरून द्यायचे? एका कार्यालयात चौकशी केली. भरपाई हा शब्द ऐकताच समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढून माझ्याकडे असे पाहिले की चूक कुत्र्याची नसून माझीच असावी असे मला वाटले. मला लाखो रुपये नकोत, पण ही कोणाची तरी जबाबदारी आहे की नाही, एवढे तरी कळावे.

कांदेपोहे

आईंना आता कसे आहे? लशीचा शेवटचा डोस कृपया चुकवू नका. भरपाईचे त्यानंतर पाहू.

कडुलिंब

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून आधी कागदाबद्दल लिहितो, कारण भरपाईची वाट केसपेपरपासूनच सुरू होते. कुत्र्याच्या चाव्याच्या तीन श्रेणी मानल्या जातात. कातडी फाटून रक्त आले असेल, तर ती तिसरी श्रेणी होते आणि तिच्यात लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शन जखमेच्या आत आणि भोवती द्यावे लागते. लस दंडात त्वचेत दिली, तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. स्नायूत दिली, तर चौदाव्या दिवसाचा एक डोस वाढतो.

तुमच्या केसपेपरवर "श्रेणी ३" असे स्पष्ट लिहिले आहे का, ते आजच पाहा. नुसते "डॉग बाइट, ड्रेसिंग केले" एवढेच लिहिले असेल, तर दोन सेंटिमीटरची जखम होती हे सहा महिन्यांनी कोणालाही पटवता येणार नाही, कारण तोपर्यंत तिथे फक्त एक फिकट वण उरलेला असेल. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली होती ना? रेबीज झाल्यावर उपाय नसतो, म्हणून हे मी प्रत्येकाला विचारतो. अजूनही जखमेवर चुना किंवा मिरचीपूड भरून येणारे रुग्ण आम्ही पाहतो.

ओसरी

कडुलिंब, धन्यवाद. जखम धुतली होती. केसपेपरवर "श्रेणी ३" आहे, मात्र जखमेचे माप लिहिलेले नाही.

निफाडकर

विषय निघालाच आहे, तर आमच्या तालुक्याकडून एक विसंगती मांडतो. आमच्याकडे उसात बिबट्या असतो आणि त्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. गंभीर जखमेलाही अर्थसाहाय्य आहे. वनखात्याचे लोक येऊन पंचनामा करतात, कागद वरिष्ठांकडे जातात, आणि उशिरा का होईना, पैसे मिळतात. त्या यादीत वाघ, अस्वल, लांडगा, तरस, रानडुक्कर आहेत, रानकुत्रासुद्धा आहे. गावकुत्रा तेवढा नाही. म्हणजे ओसरी यांच्या मातोश्रींना चावणारे जनावर जंगलातून आले असते, तर त्यांच्या घरी शासकीय गाडी आली असती, आणि ते गल्लीत जन्मले म्हणून त्यांना कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दात तर दोघांनाही सारखेच असतात.

तिरकसराव

निफाडकर, तांबड्या रंगाचा होता असे ओसरी यांनी लिहिलेच आहे. अर्जात "रानकुत्रा असावा" असे लिहून पाहायला हरकत नाही.

जुनासातबारा

तिरकसरावांचा सल्ला कृपया कोणी मनावर घेऊ नये. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकाट जनावरांमुळे झालेल्या इजांसंबंधीच्या याचिकांवर निकाल देताना कुत्र्याच्या चाव्यासाठी दरच ठरवून दिला. दाताच्या प्रत्येक खुणेसाठी किमान १०,००० रुपये, आणि कातडीपासून मांस ओढले गेले असेल, तर जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरसाठी किमान २०,००० रुपये. दाव्यांसाठी जिल्हानिहाय समित्या नेमण्यास आणि त्यांनी चार महिन्यांत निर्णय देण्यास सांगितले. मुख्य जबाबदारी राज्याची धरली आणि राज्याने ती रक्कम कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा मालकाकडून वसूल करावी, अशी मुभा ठेवली. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तो वाचून दाखवता येतो.

केरळचा मार्ग निराळा होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली आणि तिने प्रत्येक दावा स्वतंत्र तपासून रक्कम सुचवायची, अशी पद्धत बसवली. दात मोजण्यापेक्षा मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते, पण तिला वेळ लागतो.

आपल्या दृष्टीने मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा खड्ड्यांविषयीचा आदेश जवळचा आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. तो रस्त्यांपुरता आहे, कुत्र्यांना आपोआप लागू होत नाही. परंतु सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग असेल, तर त्या रस्त्यावरून दूध घेऊन चालत येणाऱ्या बाईचा हक्क खड्ड्यापाशी सुरू होऊन कुत्र्यापाशी संपतो, असे म्हणणे अवघड आहे.

आता मुदतीबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची गाडी इथेच चुकते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे महापालिकेविरुद्ध दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. अर्ज, विनंती, स्मरणपत्र यांत पाच महिने घालवून माझ्याकडे आलेले लोक मी पाहिले आहेत.

कांदेपोहे

मी हिशेब करून पाहिला. चार दातांचे ४०,००० आणि दोन सेंटिमीटरचे, म्हणजे दहा वेळा ०.२ चे, २ लाख. ओसरी, पंजाबातल्या दराने तुमच्या आईंची पोटरी २ लाख ४० हजारांची झाली.

तिरकसराव

यापुढे पंचनाम्याला तलाठ्याऐवजी दंतवैद्य बोलवावा लागेल, आणि कुत्र्याची अक्कलदाढ किंमतीत धरायची की नाही यावर अपील होईल.

सिन्नरची_लेक

विनोद चालू द्या, पण या दरावर मला गंभीर आक्षेप आहे. दात मोजून रक्कम ठरवली, की ज्याची जखम लहान पण नुकसान मोठे, त्याच्या पदरात काहीच पडत नाही. माझे काका कांद्याच्या शेडवर हमाली करतात. मागच्या वर्षी त्यांच्या घोट्याजवळ एकच दात लागला. जखम बोटाच्या पेराएवढीही नव्हती. लशीसाठी तालुक्याला चार फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीला त्या दिवसाची हजेरी बुडाली. शिवाय सूज असल्याने आठवडाभर गोणी उचलता आली नाही. लस फुकट मिळाली असे सगळे म्हणतात. त्या फुकट लशीसाठी काकांचे दहा-अकरा दिवसांचे पैसे गेले, ते कोणत्या दातात धरायचे?

कडुलिंब

सिन्नरची_लेक यांचा मुद्दा अगदी योग्य आहे. रुग्ण तिसऱ्या डोसनंतर येईनासे होतात. त्याचे कारण निष्काळजीपणा असते असे आम्ही धरून चालतो, पण पुष्कळदा ते कारण बुडणारी मजुरी हेच असते.

शिफ्ट_तिसरी

अंबड आणि सातपूरच्या कामगारांसाठी एक माहिती लिहून ठेवतो, कारण ती फारच थोड्यांना असते. ज्यांचे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे पैसे, कापले जातात, त्यांना कामावर जाताना किंवा कामावरून येताना अपघात झाला आणि वेळ, जागा व नोकरी यांचा संबंध दाखवता आला, तर कायद्याने तो कामावरचाच अपघात धरला जातो. तिसरी पाळी सुटल्यावर सकाळी सायकलवरून घरी निघालेल्या आमच्या एका सहकाऱ्याच्या मागे कुत्री लागली. त्याला चावाही बसला आणि पडून मनगटही मोडले. कंपनीने अपघाताचा अहवाल लगेच भरला होता, म्हणून त्याला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, म्हणजे वेतनाच्या ९० टक्के दराने पैसे मिळाले. तो अहवाल भरला नसता, तर साध्या आजारपणाची रजा म्हणून ७० टक्के दराने भागले असते. ही भरपाई नव्हे हे मला मान्य आहे. परंतु घरात चूल पेटण्यासाठी न्यायालयाच्या तारखेपेक्षा ती लवकर येते.

अबोली

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत चावा पाळीव कुत्र्याचा होता, त्यामुळे प्रकरण सोपे असेल असे वाटले होते. लिफ्टचे दार उघडताच शेजाऱ्यांचा कुत्रा माझ्या मुलाच्या दंडाला चावला. मालकांनी आधी "तो खेळत होता" असे म्हटले, नंतर "मुलाने शेपटी ओढली असेल" असे म्हटले. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ ऐकवले गेले. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे ते कलम आहे. ते ऐकल्यावर संध्याकाळी मालक स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि औषधोपचाराचे सगळे पैसे त्यांनी दिले. आम्ही लेखी समझोता करून घेतला. मात्र दंडाची रक्कम सरकारजमा होते, ती जखमीला मिळत नाही, हे मला तेव्हाच कळले. मुलगा आजही लिफ्टऐवजी जिन्याने पाच मजले चढतो.

गंगापूररोडवाली

मी रोज रात्री अकरा कुत्र्यांना खायला घालते, त्यामुळे या धाग्यावर माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल याची मला कल्पना आहे. ओसरी, तुमच्या आईंना झालेल्या त्रासाबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

तरीही एक गोष्ट मांडते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा कशी असावी हे लिहिले आहे. मुलांची खेळण्याची जागा, इमारतीचे प्रवेशद्वार, जिना, वृद्धांची ये-जा असलेली ठिकाणे टाळून ती ठरवायची आणि सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने तिची व्यवस्था करायची. मी दोन वर्षे अशी जागा नेमून मागते आहे, परंतु सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला की चहा येतो. माझ्या अकरापैकी नऊ कुत्र्यांचे निर्बीजीकरण मी स्वतः रिक्षा करून करवून आणले आहे. भरपाई जरूर द्यावी. पण ती आमच्याकडून वसूल करू लागलात, तर हे काम करणारे थांबतील आणि कुत्री मात्र तिथेच राहतील, तीही उपाशी.

निफाडकर

गंगापूररोडवाली, तुमच्या कामाविषयी आदर आहे. तरी एक विचारतो. त्या अकरांपैकी एखादा उद्या दूधवाल्याला चावला, तर त्याच्या औषधाचे पैसे तुम्ही द्याल का? जानेवारी २०२६ च्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने, चाव्याबद्दल राज्यांना मोठी भरपाई द्यायला लावू आणि खाऊ घालणाऱ्यांनाही जबाबदार धरू, अशा आशयाचे बोल सुनावलेच आहेत.

गंगापूररोडवाली

देईन. एकदा दिलेही आहेत. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा होता. त्याच्याबरोबर चारही वेळा मी स्वतः गेले.

जुनासातबारा

निफाडकर, सुनावणीतील तोंडी टिप्पणी म्हणजे आदेश नव्हे. ती नोटिशीत लिहून उपयोग नाही.

ओसरी, एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहिला. चावणाऱ्या कुत्र्याच्या कानाला खाच होती का? निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झालेल्या कुत्र्याच्या कानाला अशी खूण करून त्याला उचललेल्या जागीच सोडतात. खूण नसेल, तर "निर्बीजीकरणाचे काम इथे पोहोचलेच नाही" असे म्हणता येते आणि माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून प्रभागातील कामाचे आकडे मागवता येतात. खूण असेल, तर समोरचा पक्ष "नियमाप्रमाणे केले" असे म्हणेल.

ओसरी

काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिले. तो तांबडा कुत्रा भेळेच्या गाडीमागे झोपला होता. डाव्या कानाला स्पष्ट खाच आहे. याचा अर्थ आमचे प्रकरण संपले असा घ्यायचा का? आणि एक कबुलीही देऊन टाकतो. त्या दिवशीची फाटलेली साडी पुरावा म्हणून जपून ठेवावी असे मला परवा सुचले. तोपर्यंत आईने ती धुऊन, फाडून, गोधडीच्या आत भरली होती.

तिरकसराव

न्यायालयात गोधडी सादर करण्याचा मान आपल्या नाशिकला मिळणार असे दिसते.

जुनासातबारा

प्रकरण संपले नाही, फक्त त्याचा रोख बदलला. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात सोडावीत असे म्हटले, पण रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक वागणारी कुत्री त्यातून वगळली. तेव्हा आता प्रश्न असा आहे की हा कुत्रा अंगावर येतो हे कोणी आधी कळवले होते का. कळवले असेल, तर खाच असूनही जबाबदारी टळत नाही, किंबहुना अधिक घट्ट होते, कारण धोका माहीत असताना काही झाले नाही असे दाखवता येते. गल्लीत विचारा. कोणीतरी तक्रार केलेली असतेच, आणि लोक तक्रार करून विसरतात.

शिवाय तुमच्या आई महिला असल्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्यास त्या पात्र आहेत. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. माझे नाव पुढे करायचे म्हणून मी हे सगळे लिहितो आहे, असे कोणाला वाटू नये.

सिन्नरची_लेक

हा प्राधिकरणाचा भाग कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहायला हवा. माझ्या काकांना कोणी हे सांगितले नव्हते. त्यांची मुदत आता गेली असेल.

जुनासातबारा

शिवाय काकांचे गाव महापालिकेच्या हद्दीबाहेरचे असेल, तर कायदाही वेगळा लागेल. कागद घेऊन प्राधिकरणात एकदा दाखवा, विचारायला पैसे पडत नाहीत. पण आशा लावून बसू नका.

ओसरी

नऊ दिवसांनी लिहितो आहे. काल आईचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस झाला. जखम भरली आहे, मात्र सोलली होती तिथे कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसते. कडुलिंब यांच्या सांगण्यावरून मी त्या दिवशीचे मोबाइलमधील फोटो शोधले. त्यांतल्या एका फोटोत जखमेशेजारी आईची शिवणकामाची मापपट्टी पडलेली आहे, कारण पलंगावर तिचेच सामान होते. माप स्पष्ट वाचता येते, दोन सेंटिमीटरला थोडे कमी. ज्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी उपचार केले, त्यांनी तो फोटो आणि स्वतःची नोंद पाहून जखमेचे माप नमूद केलेले प्रमाणपत्र दिले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुनासातबारा म्हणाले तसे गल्लीत विचारत फिरलो. बहुतेकांनी "सांगायचे होते, राहून गेले" असे उत्तर दिले. पिठाच्या गिरणीवाल्यांनी मात्र मोबाइल उघडून दाखवला. आईला चावा बसण्याच्या सात आठवडे आधी त्यांनी याच तांबड्या कुत्र्याची, फोटोसह, तक्रार केली होती. तक्रार क्रमांकाचा संदेश त्यांच्याकडे आहे. "माझ्या गिऱ्हाइकांवर धावतो" असे त्यांनी त्यात लिहिले आहे. त्यांनी जबाब द्यायची तयारी दाखवली आहे, फक्त सकाळी दळणाच्या वेळी बोलावू नका म्हणाले.

प्राधिकरणाकडून एक तरुण वकीलबाई मिळाल्या आहेत. नोटीस तयार झाली. तिच्यात औषधोपचाराचे ९,६४० रुपये, आईचे पंधरा दिवसांचे शिवणकामाचे उत्पन्न, पत्नीचा चार दिवसांचा पगार आणि रिक्षाभाडे वेगवेगळे मांडले आहे. पंजाबच्या निकालाचा उल्लेख शेवटी, आधार म्हणून, केला आहे. शिवणकामाची वही आईने मला दिली नाही, कारण तिच्यात गिऱ्हाइकांची उधारीही लिहिलेली आहे. शेवटी वकीलबाईंनी स्वतः घरी येऊन समोर बसून हव्या त्या पानांची प्रत काढून घेतली.

सोमवारी नोटीस द्यायला जाणार आहे.

गंगापूररोडवाली

त्या तांबड्याला पुन्हा तपासणीला नेणार असतील आणि तो पकडणाऱ्यांच्या हाती लागत नसेल, तर मला कळवा. मी येते. पोळीच्या तुकड्याला बहुतेक कुत्री येतात.

कांदेपोहे

आईंना नमस्कार सांगा. मापपट्टीबद्दल विशेष.

जुनासातबारा

नोटिशीच्या दोन प्रती न्या. एक आवक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब जेवायला गेले आहेत" असे म्हटले तर थांबा. त्या दिवशी गिरणीवाल्यांनाही बरोबर घेऊन जायची गरज नाही.